‘मशीन हेड’चा पन्नाशीचा बॉक्स घ्यावा का, आणि गाणी ‘वेगळी’ का वाटतात

प्रश्न असा आहे की डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘मशीन हेड’ (१९७२) या अल्बमची जुनी सीडी घरात आहे, ऐकून ऐकून पाठ झालीय, आता पन्नास वर्षांचा डिलक्स बॉक्स आलाय आणि त्यातली पहिली सीडी लावली तर गाणी तीच आहेत पण काहीतरी खटकतंय, आवाजांच्या जागा हललेल्या वाटतात, मग रिमास्टरिंग बिघडवलंय का आणि हा बॉक्स घेण्यात अर्थ आहे का.

मी टेप ट्रान्सफर आणि मास्टरिंगचं काम बरीच वर्षं करतोय (या अल्बमवर नाही, तेवढं नशीब कुठलं), त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. पहिलं म्हणजे बिघडवलं वगैरे काही नाहीये. तुम्ही जे ऐकलंत तो रिमास्टर नाहीच, तो रिमिक्स आहे. बॉक्सवर दोन्ही शब्द छापलेले असतात, माणूस दोन्ही एकच समजतो आणि तिथेच सगळा घोळ होतो.

१९७१ मध्ये बँड वाजवायचा तेव्हा ते दोन इंची रुंद टेपवर जायचं, १६ ट्रॅक, म्हणजे सोळा समांतर पट्ट्या, ड्रमच्या काही, बेसची एक, गिटारच्या, ऑर्गनच्या, गाण्याच्या अशा. ही मल्टिट्रॅक. मग ती वाजवत वाजवत, फेडर (एकेका ट्रॅकचा आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) वरखाली करत, रिव्हर्ब म्हणजे गूंज टाकत त्याचं दोन चॅनलचं स्टिरिओ बनवायचं, ते दुसऱ्या टेपवर, ती मास्टर टेप. रिमास्टर करणाऱ्याच्या हातात ही दुसरी टेप येते. त्यात गिटार, ऑर्गन, गायक गिलनचा गळा सगळं एकात एक मिसळून गेलेलं असतं, मी फार तर एकूण आवाजाचा रंग थोडा बदलू शकतो, लेव्हल वर आणू शकतो, खरखर काढू शकतो, पण गिटार एकटी डावीकडून उजवीकडे नेणं माझ्या हातात नाही. तुमच्या कानाला जागा हललेल्या वाटल्या ना, मग कोणीतरी मल्टिट्रॅकपर्यंत मागे गेलंय हे नक्की.

इथे ते कोणीतरी म्हणजे ड्वीझल झॅपा. आणि यात एक जबरदस्त गंमत आहे, पण त्यासाठी डिसेंबर १९७१ मध्ये जावं लागेल, आणि मी हे नुसतं किस्सा म्हणून सांगत नाहीये, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

बँडला स्टुडिओ नको होता, स्टेजवर जसा आवाज येतो तसा हवा होता. म्हणून स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कॅसिनो ठरवला, हिवाळ्यात तो बंद राहणार होता, आणि रोलिंग स्टोन्सचा मोबाईल स्टुडिओ म्हणजे ट्रकमध्ये बसवलेली कंट्रोल रूम भाड्याने आणली. कॅसिनो बंद होण्याआधीचा शेवटचा कार्यक्रम ४ डिसेंबरला, अमेरिकन रॉकवाल्या फ्रँक झॅपाचा, म्हणजे ड्वीझलच्या वडिलांचा. प्रेक्षकांतल्या कोणीतरी फ्लेअर गन छताकडे झाडली आणि अख्खा कॅसिनो जळाला. लोक वाचले, क्लॉड नॉब्सने (माँत्रो जाझ फेस्टिव्हलवाला) धावपळ करून पोरांना बाहेर काढलं, झॅपाच्या बँडचं सामान मात्र गेलं. त्याच झॅपाला सहा दिवसांनी लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये एका प्रेक्षकाने स्टेजवरून खाली ढकललं, बिचाऱ्याचा तो महिनाच वाईट होता. तर ज्याच्या वडिलांच्या शोमध्ये पर्पलची रेकॉर्डिंगची जागा जळून गेली त्याच मुलाकडे बावन्न वर्षांनी त्याच अल्बमच्या टेपा मिक्स करायला आल्या. बावन्न कसे, तर पन्नाशी २०२२ ला झाली आणि बॉक्स आला मार्च २०२४ मध्ये. या धंद्यात वाढदिवस असेच साजरे होतात, केक यायला दोन वर्षं.

कॅसिनो गेल्यावर बँड आधी पॅव्हिलियन नावाच्या एका थिएटरमध्ये घुसला. तिथे एकाच गाण्याचा बॅकिंग ट्रॅक झाला आणि आवाजामुळे शेजारीपाजारी वैतागले, पोलीस आले, बाहेर रोडी म्हणजे बँडचं सामान सांभाळणारे लोक दार दाबून उभे आणि आत टेक (गाण्याचं एक सलग रेकॉर्डिंग) चालू. ते एक गाणं म्हणजे ‘स्मोक ऑन द वॉटर’, तेव्हा त्याला ना शब्द होते ना नाव. मग तिथून हाकललं गेल्यावर ग्रँड हॉटेल मिळालं, थंडीमुळे बंद पडलेलं, तिथल्या कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून बाकीची सगळी गाणी झाली. ट्रक बाहेर उभा, आत केबल ओढलेल्या. आणि घेतलेला टेक ऐकायला ट्रकपर्यंत जायचं तर खोल्या, बाल्कन्या, डिसेंबरची थंडी असा द्राविडी प्राणायाम, त्यामुळे त्यांनी जाणंच सोडून दिलं. वाजवून झालं की एकमेकांकडे बघायचं, जमलं वाटलं तर पुढचं गाणं. ट्रकमध्ये मार्टिन बर्च बसलेला, तो इंजिनिअर.

आता याचा आवाजाशी काय संबंध. एक तर ‘स्मोक’चे ड्रम बाकी अल्बमपेक्षा वेगळ्या जागेत वाजलेत. मोठं थिएटर आणि गाद्या लावलेला कॉरिडॉर. हेडफोनवर ‘पिक्चर्स ऑफ होम’ आणि लगेच ‘स्मोक’ लावून बघा, ड्रमर इयन पेसच्या स्नेअरच्या (कडक फटक्याचा छोटा ड्रम) मागे जी हवा आहे ती सारखी नाहीये. जुन्या मिक्समध्ये बर्चने आणि बँडने हा फरक अंगचाच असल्यासारखा झाकलाय, सातही गाणी एका घरातली वाटतात. रिमिक्स करणारा प्रत्येक ट्रॅक वेगळा उघडतो, स्वच्छ करतो, पुढे आणतो, आणि मग असे झाकलेले सांधे दिसायला लागतात.

दुसरं म्हणजे लीकेज. पाच माणसं एकत्र वाजवतात तेव्हा एकाच्या माइकमध्ये दुसऱ्याचा आवाज शिरतोच, त्यात जॉन लॉर्डने हॅमंड ऑर्गन मार्शल या गिटारच्या अँपमधून वाजवायची सवय लावून घेतलेली, म्हणजे ऑर्गन आणि गिटार दोघंही सारखेच करवादणारे. हे एकमेकांत शिरलेलं असतं म्हणूनच त्या रेकॉर्डवर कुठे ऑर्गन संपतो आणि कुठे गिटार चालू होते ते कळत नाही, ती सगळी मिळून एक भिंत वाटते. नवीन मिक्समध्ये ऑर्गन एका बाजूला, गिटार दुसऱ्या बाजूला, मध्ये बेस ठसठशीत असं केलं की प्रत्येक जण ऐकू येतो, रॉजर ग्लोव्हरचा बेस तर अक्षरशः पहिल्यांदा भेटल्यासारखा वाटतो, पण ती भिंत गेली. कोणाला हे आवडेल कोणाला नाही. मला विचाराल तर मी बेससाठी दोन वेळा ऐकेन आणि तिसऱ्या वेळी जुना मिक्सच लावेन. जुन्या मिक्सला ऑटोमेशन, म्हणजे फेडर आपोआप हलवायची सोय, नव्हतं, दोघंतिघं मिळून फेडरवर हात ठेवून बसायचे, सोलोला कोण ढकलतंय, गाण्याला कोण मागे ओढतंय, ते एक वादनच होतं एका अर्थी, आणि ते त्याच वेळच्या माणसांनी केलेलं. नवीन मिक्स म्हणजे त्याच कच्च्या मालावर दुसऱ्या माणसाने पन्नास वर्षांनी दिलेलं मत. मत चांगलं असू शकतं. पण ते जुन्याची सुधारित आवृत्ती म्हणून विकायला लागले की माझं डोकं फिरतं.

आणि हा पहिला रिमिक्सही नाही हं. १९९७ मध्ये पंचविशीची दोन सीडींची आवृत्ती आली तेव्हा ग्लोव्हरने स्वतः पूर्ण अल्बम पुन्हा मिक्स केला होता. त्यात जुन्या रेकॉर्डवर जिथे गाणं फेड होतं, म्हणजे हळूहळू विरतं, तिथे तो पुढे चालू ठेवतो, त्यामुळे ‘स्मोक’ पाच मिनिटं चाळीस सेकंदांच्या ऐवजी सव्वासहा मिनिटांचं झालंय, शेवटी बँड कसा कसा विस्कटत जातो ते कळतं. माझ्यासारख्याला ते सोनं आहे. शिवाय ‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’, जे याच सेशन्सचं गाणं पण अल्बमवर घेतलं नाही, ‘नेव्हर बिफोर’च्या सिंगलच्या मागच्या बाजूला टाकून दिलं, तेही तिथे मिळालं. मग २०१२ ला चाळिशीचा बॉक्स, चार सीडी आणि एक डीव्हीडी, त्यात मूळ मिक्सचा रिमास्टर, ग्लोव्हरचा रिमिक्स, क्वाड म्हणजे चार स्पीकरसाठीचा मिक्स आणि बीबीसीची मैफल. म्हणजे २०२४ च्या बॉक्समधलं बरंचसं आधीच येऊन गेलंय, हे कोणी ठळक अक्षरात छापत नाही.

रिमास्टरबद्दल थोडं, कारण बॉक्समध्ये मूळ मिक्सचाही नवीन रिमास्टर आहे आणि तुमची खरी तुलना त्याच्याशी व्हायला हवी.

रिमास्टरमध्ये सगळ्यात मोठा फरक पडतो तो टेप कुठली आणली यावर. मूळ मास्टर एकच असते, पण वेगवेगळ्या देशांत रेकॉर्ड दाबायला तिच्या कॉप्या पाठवल्या जायच्या, कॉपीची कॉपी व्हायची, प्रत्येक पायरीला थोडी हिस वाढते, वरचा आवाज थोडा गुळगुळीत होतो. सीडी नवीन आली त्या काळात अनेक जुने अल्बम कपाटात जी कॉपी हाताला लागली तिच्यावरून उरकले गेले. तुमची जुनी सीडी त्या पिढीतली असेल तर चांगल्या टेपवरून काळजीने केलेला रिमास्टर खरंच पडदा उठल्यासारखा वाटू शकतो, त्यात भ्रम काही नाही.

आणि टेप चांगली असूनही माती होऊ शकते. मशीनचं हेड टेपला काटकोनात लागलं पाहिजे, आम्ही त्याला अझिमथ म्हणतो, केसाएवढं तिरकं असलं तरी वरच्या फ्रिक्वेन्सी मरतात आणि स्टिरिओ डगमगतो. रिळाच्या सुरुवातीला टेस्ट टोन असतात त्यावर हे जुळवायचं असतं. सुरुवातीच्या काळात मी एकाचं जुनं रीळ ट्रान्सफर केलं, टोन नव्हते, मी कानाने अंदाज घेतला, हाय-हॅट मंद वाटला म्हणून इक्वलायझरवर वरची बाजू उचलली आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेलो. दोन दिवसांनी मोनो करून ऐकलं तर झांजांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा, हेडच तिरकं होतं. आजार एक आणि औषध भलतंच. सगळं पुन्हा करावं लागलं, पैसे अर्थातच पुन्हा मागता आले नाहीत. तेव्हापासून कुठलाही रिमास्टर नुसता ‘चकचकीत’ वाटला की मला आधी संशय येतो.

मग लाऊडनेस. हा तर जुना रोग आहे, नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून सीड्या दरवर्षी जास्त मोठ्या आवाजात मास्टर व्हायला लागल्या, लिमिटर लावून उंच शिखरं छाटायची आणि उरलेलं सगळं वर ढकलायचं. हार्ड रॉकमध्ये हे जास्त वाईट कारण पेसच्या स्नेअरचा फटका हेच ते शिखर असतं, ते छाटलं की फटक्याचं नुसतं टप होतं. पण पहिल्यांदा ऐकताना माणूस हमखास फसतो, कारण एखाददुसऱ्या डेसिबलचा फरक कानाला ‘मोठा’ असा जाणवत नाही, ‘चांगला’ असा जाणवतो. त्यामुळे जुनी सीडी आणि नवीन रिमास्टर यांची तुलना करायची तर दोन्ही कॉम्प्युटरवर घ्या, जो मोठा आहे तो खाली आणा, दोन्हीचा सरासरी आवाज सारखा करा आणि मग ‘लेझी’ लावा. ‘लेझी’ का, तर सुरुवातीला बराच वेळ लॉर्ड एकटाच ऑर्गनशी खेळत असतो, मग हळूहळू बाकीचे येतात. चांगल्या मास्टरिंगमध्ये बँड आत आल्यावर खोली भरल्यासारखी वाटते. दाबलेल्यात ऑर्गन एकटा असतानाही तेवढाच मोठा, बँड आल्यावरही तेवढाच, सगळं सपाट. पाच मिनिटांची परीक्षा आहे, मीटरबिटर काही लागत नाही.

बॉक्समध्ये एक एलपीपण आहे. एलपीबद्दल लोक आधी वजन विचारतात, १८० ग्रॅम आहे का. वजनाने आवाज सुधारत नाही हो. रेकॉर्ड वाकत कमी असेल, हातात घेतल्यावर भारी वाटतं, संपलं. फरक पडतो तो रेकॉर्डची मूळ खाच कापणाऱ्याच्या हाताने. हा अल्बम जेमतेम साडेसदतीस मिनिटांचा, पहिली बाजू वीसच्या आसपास, दुसरी त्याहून कमी, त्यामुळे खाचांना जागा भरपूर मिळते. तरी आतल्या बाजूला गेलं की सुईखालून खाच सरकण्याचा वेग बाहेरच्या निम्म्याहून कमी होतो आणि वरचा आवाज चरचरायला लागतो, इथे ती वेळ ‘नेव्हर बिफोर’ आणि ‘स्पेस ट्रकिन’वर येते. घेणार असाल तर प्लेयरवर आधी हीच दोन ऐका, पहिलं गाणं सगळीकडे छानच वाजतं.

ब्लू-रेवर अ‍ॅटमॉस, म्हणजे चहूबाजूंनी आणि डोक्यावरूनही आवाज येणारा मिक्स आहे. खरं सांगायचं तर इथे मी जरा खडूस आहे. सोळा ट्रॅकची टेप, त्यात ड्रमला मोजून काही ट्रॅक, ते डोक्यावर आणि पाठीमागे किती फिरवणार. मागे जाते ती मुख्यतः खोलीची गूंज, आणि ती खोली खरी होती की नंतर बनवलेली हा प्रश्न उरतोच. त्यापेक्षा मला त्याच डिस्कवरचा सत्तरच्या दशकातला क्वाड मिक्स जास्त महत्त्वाचा वाटतो. चार स्पीकरसाठी त्याच काळात केलेला, तेव्हा घरोघरी वाजवायची सोयच नव्हती म्हणून बहुतेकांनी तो कधी नीट ऐकलाच नाही. एसक्यू पद्धतीच्या रेकॉर्डमध्ये चार चॅनल खाचेच्या दोन भिंतींमध्ये फेज फिरवून कोंबलेले असायचे, डिकोडर पुन्हा वेगळे करायचा प्रयत्न करायचा आणि अर्धवट करायचा. आता चार चॅनल वेगळे मिळतात. घरात चार-पाच स्पीकर असतील तर हा भाग चुकवू नका, नसतील तर ब्लू-रे शोभेलाच राहणार.

आता ज्यासाठी मी स्वतः हा बॉक्स घेईन ते, लाइव्ह सीड्या. एक आहे बीबीसीसाठी लंडनच्या पॅरिस थिएटरमध्ये मार्च १९७२ ला केलेली मैफल, अल्बम बाजारात येत होता त्याच महिन्यातली. ‘पिक्चर्स ऑफ होम’ सोडून अल्बममधलं सगळं वाजवलंय, ‘मेबी आयम अ लिओ’ आणि ‘नेव्हर बिफोर’सुद्धा, जी नंतर त्यांनी स्टेजवर फारशी घेतलीच नाहीत. गाणी अजून ताजी आहेत, कुठे वळायचं हे एकमेकांना विचारत वाजवल्यासारखी. त्याच ऑगस्टमध्ये जपानमध्ये रेकॉर्ड केलेलं जे ‘मेड इन जपान’ सगळ्यांच्या घरी आहे त्यात हीच गाणी राक्षसासारखी वाढलेली, मधे फक्त पाच महिने. पण लक्षात घ्या, ही मैफल २०१२ च्या बॉक्समध्येही होती, आणि त्याआधी १९८० पासून या ना त्या रूपात मिळतेय.

दुसरी मात्र माँत्रोची, एप्रिल १९७१, त्याच कॅसिनोमध्ये. जो आठ महिन्यांनी जळाला तोच हॉल. या अल्बममधलं एकही गाणं तेव्हा जन्माला आलेलं नव्हतं, त्यामुळे ‘मशीन हेड’च्या बॉक्समध्ये याचं काय काम असं कोणी म्हणेल, पण माझ्या मते सगळ्यात चपखल तीच आहे. बँडला तिथेच परत यावंसं का वाटलं हे यात ऐकू येतं. तो हॉल कसा बोलायचा, पेसचे ड्रम तिथे कसे फुटायचे, प्रेक्षक किती जवळ आहेत. ‘मशीन हेड’ ज्या आवाजात व्हायचा होता आणि झाला नाही, त्याची ही एकमेव झलक बॉक्समध्ये आहे.

तर तुमच्यापुरतं बोलायचं तर, जुनी सीडी टाकू नका, विकू नका, ती मूळ मिक्सची आहे आणि तो मिक्स हाच अल्बम आहे. नवीन रिमास्टर स्ट्रीमिंगवर मिळाला तर वर सांगितलं तसं लेव्हल जुळवून ‘लेझी’वर तपासा, जुन्या सीडीपेक्षा खरंच मोकळा वाटला तर तेवढीच एक सीडी सुटी मिळतेय का बघा. चाळिशीचा बॉक्स आधीच घरात असेल तर नव्यात तुमच्यासाठी माँत्रो, ड्वीझलचा मिक्स, अ‍ॅटमॉस आणि मूळ मिक्सचा नवा रिमास्टर एवढंच नवीन आहे, त्यावर ठरवा. काहीच नसेल आणि चार स्पीकर असतील तर डोळे झाकून घ्या. आणि घेतलाच तर पहिली सीडी पुन्हा लावताना ती सुधारलेली ‘मशीन हेड’ आहे असं समजून ऐकू नका, पेसच्या डाव्या पायाकडे (तो डावखुरा, बास ड्रम त्याच पायाने वाजवतो) आणि ग्लोव्हरकडे लक्ष द्या, ‘स्पेस ट्रकिन’मध्ये ते दोघं काय करतायत हे मला या मिक्समध्ये जेवढं कळलं तेवढं आधी कधी कळलं नव्हतं.